वही कुणाकडे आहे?

कॉलेजात एक दिवसाची नेतृत्वविकास कार्यशाळा होते. सकाळी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचं भाषण, दुपारी गटागटाने खेळ, चार वाजता प्रमाणपत्र. दिवसभरात विद्यार्थ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. पैसे हाताळायचे नाहीत, चुकायला वाव नाही, रुसलेल्या मित्राची समजूत काढायची नाही. अशा दिवसातून पुढारी घडत नाहीत. घडतात कुठे, हे बघायला पुण्याबाहेर जायची गरज नाही.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ उडालं आणि त्याने वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यातला एक पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी बनवलेला ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन जेमतेम एक किलो. कामाला सुरुवात २००८ मध्ये झाली होती. आता हिशोब मांडा. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, उपग्रह आठ वर्षांचा. ज्यांनी पहिले आराखडे काढले, त्यांचं कॉलेज उड्डाणाच्या कितीतरी आधी संपलं होतं. आणि उड्डाणाच्या वर्षी जे शेवटच्या वर्षाला होते, ते २००८ मध्ये शाळेत होते. मधल्या प्रत्येक बॅचला आपलं काम पुढच्यांना समजावून देणं भागच होतं. एका बॅचने कंटाळा केला असता, तर तो ठोकळा कपाटात धूळ खात पडला असता. मला नेतृत्व दिसतं ते या सोपवण्यात. माईक हातात घेणं त्यामानाने फार सोपं.

कल्पकतेचंही तेच. एवढ्याशा उपग्रहाला वीज मोजकीच मिळते आणि त्याची दिशा सांभाळणारी यंत्रणा वीज खाते. मुलांनी चुंबकाचा आधार घेतला. होकायंत्राची सुई जशी आपोआप वळते, तसा उपग्रहच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो. त्यासाठी वेगळी वीज लागत नाही. ही युक्ती जगाला आधी ठाऊक होती, तरी मी तिला कल्पकताच म्हणेन. शाळेच्या पुस्तकातलं तत्त्व आपल्याच अडचणीला लागू पडतंय हे ओळखायचं आणि ते करून दाखवायचं, याहून वेगळं काय असतं नवनिर्मितीत? फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून ती येत नाही. त्यासाठी खरी अडचण हातात पडावी लागते. बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्या मुलाच्या हातून ती अडचणच काढून घेतलेली असते, आणि हे माहीत असून सह्या करणारे प्राध्यापक त्या चोरीत सामील असतात.

उपग्रहाला मोठं कॉलेज लागतं, असं कुणी म्हणेल. मग एकांकिका घ्या. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजच्या मुलांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. विशीतला दिग्दर्शक पंधरा-वीस मुलांना आठवडेच्या आठवडे तालमीला बांधून ठेवतो. पगार नाही, मार्क नाहीत, वर घरच्यांची बोलणी. मिळेल त्या सामानातून सेट उभा करायचा, नट आजारी पडला तर आदल्या रात्री दुसऱ्याला उभं करायचं, आणि बॅकस्टेजच्या मुलाला आपण बिनकामाचे आहोत असं एकदाही वाटू द्यायचं नाही. माणसं सांभाळण्याचं याहून कडक शिक्षण मला माहीत नाही. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची ठरवली नाही आणि करंडक कुणालाच दिला नाही. मुलं दुखावली, वादही झाला. मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. आलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र वाटण्याच्या या दिवसांत ‘अजून कमी पडताय’ असं तोंडावर सांगणारं कुणीतरी हवंच.

खरी जबाबदारी द्यायची वेळ आली की आपण मोठी माणसं कचरतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुका थांबल्या आणि गुणांच्या जोरावर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. निवडणुकांत हाणामाऱ्या होत, रक्तही सांडलं होतं, हे मी विसरत नाही. पण परीक्षेत पहिलं येणं आणि शंभर जणांची बाजू मांडणं ही दोन निराळी कामं आहेत. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. अठराव्या वर्षी आमदार निवडणाऱ्या मुलाला कॉलेजचा जीएस निवडू द्यायला आपल्याला कसली भीती वाटते?

प्राचार्यांनो, पुढच्या कार्यशाळेचे पैसे मुलांच्या हातात द्या. पैपैचा हिशोब मागा. प्रयोगशाळेची किल्ली संध्याकाळी सहानंतरही मिळेल अशी व्यवस्था करा. काहीतरी जळेल, काहीतरी फसेल, तेवढं सोसा.

आणि फायनल इयरच्या मुलांनो, तुम्ही गॅदरिंग केलंत, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर पार पाडलंत, एकांकिका उभी केलीत. मांडववाल्याने किती घेतले, गावात पाण्याची सोय कुणी करून दिली, परवानगीचा अर्ज कुठे अडला, कुणाचे पैसे अजून द्यायचे आहेत, आपलं काय चुकलं, हे सगळं एका वहीत लिहा. शेवटच्या पेपरला बसण्याआधी ती वही एसवायच्या एखाद्या मुलीच्या हातात द्या, आणि तासभर तिच्याशेजारी बसून ती वाचून दाखवा.