पायाळू पाहिजे

सर्दी झालेल्या माणसापासून लोक लांब बसतात. कंबर धरलेल्या माणसाभोवती मात्र जमतात. कारण उघड आहे, तो उठून जाऊ शकत नाही.

माझ्या कमरेत उसण भरली ती गादीची चादर खोचताना. गव्हाचं पोतं उचलताना भरली असती तर चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “काय उचललंत एवढं?” मी म्हणे, “चादर.” मग तो सहानुभूतीने बायकोकडे बघे.

घरगुती उपचारांत पहिला मान शेकाचा. आईचा विश्वास खड्याच्या मिठावर. लोखंडी तव्यावर मीठ तडतडेपर्यंत भाजायचं, मुलाच्या शाळेच्या जुन्या मोज्यात भरायचं, तोंडाला गाठ मारायची आणि दुखऱ्या जागी दाबायचं. शेकाने आखडलेले स्नायू सैल पडतात, एवढं खरं. मध्ये फडकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरे, असं डॉक्टर सांगतात. आईच्या शास्त्राप्रमाणे मात्र रुग्ण ओरडला की शेक लागू पडायला सुरुवात होते.

मग अमृतांजन. हा बाम 1893 साली मुंबईत निघाला आणि त्याच्या जाहिरातीच्या फलकावरून बोरघाटातल्या 1830 सालच्या पुलालाही लोक अमृतांजन पूलच म्हणू लागले. नाव बामाचं असूनही पुलाखालची कोंडी काही सुटली नाही. शेवटी 2020 मध्ये तो पाडावा लागला. माझ्या बाबतीत घरचे अजून त्या निर्णयाला आले नव्हते.

तेवढ्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला. “तेलं-बिलं राहू देत. पायाळू माणसाची लाथ बसल्याशिवाय उसण जात नाही.”

आता पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस, आणायचा कुठून? दिवस भरेपर्यंत पोटात उलटी राहणारी बाळं शंभरात जेमतेम तीन-चार. हल्ली त्यांतल्याही बहुतेकांना डॉक्टर सिझेरियन करूनच बाहेर काढतात, त्यामुळे पाय पुढे टाकून जगात यायची सोयच उरलेली नाही. सिझेरियनवाला पायाळू चालतो की नाही, यावर आत्या आणि शेजारच्या काकूंचा स्पीकरफोनवर शास्त्रार्थ झाला. मी पालथा पडून ऐकत होतो. पायाळूवर वीज पडते म्हणतात, तेव्हा विजेला विचारावं असं काकूंनी सुचवलं. पण बाहेर रखरखीत ऊन होतं.

अखेर अस्सल, जुन्या पद्धतीचा पायाळू निघाला तो बी विंगमध्ये. निवृत्त मुख्याध्यापक. अत्यंत सभ्य गृहस्थ. आले, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, मोरीत पाय धुतले, बायकोने दिलेल्या टॉवेलला पुसले. मला म्हणाले, “क्षमा असावी हं.” मग भिंतीला धरून उजव्या पायाचा अंगठा माझ्या कमरेला अलगद टेकवला. आत्या फोनवरून ओरडली, “जोरात!” ते घाबरून मागे सरले. आयुष्यात एका विद्यार्थ्याला छडी न मारलेला माणूस तो, शेजाऱ्याला लाथ काय मारणार? पुढे कांदेपोहे झाले, चहा झाला. जाताना त्यांनी “काही लागलं तर सांगा” म्हटलं आणि स्वतःच लाजले.

आमच्या फॅमिली डॉक्टरांचा सल्ला घरात कुणालाच आवडला नाही. “पडून राहू नका. झेपेल तेवढं चाला.” ना वास, ना वाफ, ना लाथ! पण त्यामागे आधार आहे. दोन दिवस आडवे पडणारे आणि सात दिवस पडणारे रुग्ण सारखेच बरे होतात, सातवाल्यांची फक्त रजा जास्त जाते, असं 1986 सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं.

मी भिंत धरून हॉलमध्ये येरझारा घालू लागलो आणि यथावकाश बरा झालो. श्रेयाची वाटणी अजून चालू आहे. आई मीठ म्हणते, आत्या अंगठा म्हणते, काकू त्यांचे मेथीचे लाडू म्हणतात. साधी धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण सुटते, त्यामुळे त्या मुदतीत केलेला कुठलाही उपाय रामबाण ठरतो. माझं मत लाडवांना, कारण ते पुन्हा मागता येतात.

पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, सोबत ताप आला किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर पायाळू शोधत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. बाकीच्यांनी शेक घ्यावा, चालत राहावं आणि आमच्या मुख्याध्यापकांचा नंबर कृपया मागू नये. आत्याने तो साताऱ्यात आधीच बऱ्याच जणांना दिला आहे.