निर्दोषत्वाचा शासकीय कागद

लोकसेवकाने घेतलेली लाच तोलण्यासाठी भारतात दोन तराजू ठेवलेले असून त्यांपैकी हलका तराजू खुद्द त्याच्याच कार्यालयात असतो. त्याला विभागीय चौकशी म्हणतात. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये चालते आणि आरोप खोटा असण्यापेक्षा खरा असण्याचाच संभव अधिक, एवढे दिसले की तेथे दोष सिद्ध होतो. दुसरा तराजू विशेष न्यायालयात असतो. तेथे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खालील गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. साहजिकच, जो आरोप हलक्या तराजूत भरला नाही तो जड तराजूत कसा भरेल, असा बिनतोड प्रश्न प्रत्येक अपचारी, म्हणजे दोषारोप ठेवलेला कर्मचारी, विचारतो.

हा प्रश्न विनोदी वाटला तरी निराधार नाही, कारण १९९६ साली बिहारमधील एका बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विभागीय निर्दोषत्व लक्षात घेऊन खटला रद्द केला होता. २०११ मध्ये परकीय चलनाच्या प्रकरणात न्यायालयाने त्याला मर्यादा घातली : आरोप गुणवत्तेवर, म्हणजे पुरावा तपासून, मुळातच टिकत नसेल तर खटला पुढे चालवू नये, सुटका केवळ तांत्रिक कारणाने झाली असेल तर मात्र चालू शकतो. पुढे २०१२ मध्ये दिल्लीतील एका सापळा प्रकरणात, चौकशीत सुटला एवढ्यावरून खटला आपोआप संपत नाही, असे त्याच न्यायालयाने बजावले.

या निर्णयांचा अभ्यास विधी महाविद्यालयांपेक्षा आस्थापना शाखांत अधिक बारकाईने होत असावा. सापळ्याच्या दिवशी नोटांना अँथ्रासीन पावडर लावलेली असते आणि अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे निळसर चमकतात. हात दाखवून अवलक्षण या म्हणीचे इतके शास्त्रशुद्ध प्रात्यक्षिक अन्यत्र क्वचितच आढळते. परंतु चौकशी उभी राहीपर्यंत, ज्या कामासाठी लाच मागितली ती तक्रारदाराच्या जमिनीच्या फेरफाराची नोंद झालेली असते, त्यामुळे त्याचा उत्साह मावळतो. पंच हा दुसऱ्या खात्याचा कर्मचारी असल्याने दरम्यान त्याची बदली झालेली असते. आणि खात्याची बाजू मांडण्यासाठी नेमलेला सादरकर्ता अधिकारी मूळ कागदपत्रे अप्राप्त असल्याची नोंद करून पुढील तारीख घेतो. यथावकाश ‘दोषारोप सिद्ध होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. साक्षीदार तपासून तो निघाला की न तपासता, हे त्या चार शब्दांतून कळत नाही आणि याच संदिग्धतेला बाजारभाव असतो.

या कागदाचे वजन एकाच दिशेने पडते, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य होय. खात्याने कर्मचाऱ्याला दोषी ठरवले म्हणून न्यायालय त्याला शिक्षा देत नाही, तेथे सारा पुरावा नव्याने द्यावा लागतो; खात्याने निर्दोष ठरवले की मात्र तोच अहवाल उच्च न्यायालयातील खटला रद्द करण्याच्या अर्जाला जोडला जातो. भरीस भर म्हणजे कलम १९ अन्वये खटल्याला मंजुरी देण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे असतो. मोठ्या शिक्षेच्या चौकशीत अंतिम आदेशही साधारणतः तोच काढतो. म्हणजे एकाच टेबलावरून एका नस्तीत ‘खटला चालवावा’ आणि दुसरीत ‘काही घडलेच नाही’ असे लिहिले जाण्यास नियमांची आडकाठी नाही.

न्यायालयाने आपल्यापुरती तजवीज करून ठेवली आहे. तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी लाचेची मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये ठरवले. चौकशी कक्षात तर त्याहून कमी पुरावा पुरतो. तरीही तेथे सहसा काही दिसत नाही, याचे कारण कदाचित निव्वळ भौतिकशास्त्रीय असावे : अँथ्रासीनची निळी चमक ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्यांत भरत नाही, त्यासाठी अंधार आणि तो विशिष्ट दिवा, दोन्ही लागतात. अंधाराची व्यवस्था कार्यालयाने केलेली असते. दिव्याचा प्रस्ताव विचाराधीन राहतो.