लंगोटी आणि लायपो

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या दोन जाती असतात. पहिली जत्रेत मिळते, मॉलमध्ये मिळते, वाढदिवसाच्या खोक्यातून निघते. ती भिंतीवर आपटली की बंद पडते आणि माळ्यावर जाते. दुसरी हॉबी-ग्रेड. तीही भिंतीवर आपटते आणि बंद पडते. पण तिचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दातेरी चाक सुटं विकत मिळतं. म्हणजे पहिली एकदाच खर्चात पाडते आणि दुसरी कायमची. तिच्या खोक्यात एक आकृती येते. तिच्यात गाडीचा एकेक भाग सुटा करून दाखवलेला असतो आणि प्रत्येकाशेजारी नंबर असतो. नवखा माणूस ती आकृती बाजूला ठेवतो. मुरलेला माणूस ती रात्री अंथरुणात पडून वाचतो.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना हा नाद साठीनंतर लागला. गाडी अर्थातच नातवासाठी आणलेली. मी पाहिलेली यातली बहुतेक प्रत्येक गाडी कुणाच्या तरी नातवासाठी नाहीतर भाच्यासाठीच आलेली आहे आणि त्या बाळाला बहुधा अजून दातही यायचे असतात. यांचा मुलगा डॅलसला असतो. ट्रॅक्सस ही कंपनी तिथून जवळच, मॅकिनी गावात. तिचा स्लॅश नावाचा ट्रक, एक-दशांश मापाचा, 2008 साली निघाला आणि वाळवंटी शर्यतीतल्या खऱ्या ट्रकांसारखा दिसतो म्हणून जगभर खपला. मुलाने तो स्वेटरांत गुंडाळून आणला, बॅटरी नियमाप्रमाणे हातातल्या बॅगेत. घरात वहिनी त्याला खेळणं म्हणतात आणि साहेबांना ते लागतं. पण भारत सरकार वहिनींच्या बाजूने आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. त्यामुळे परदेशाहून येणारं प्रत्येक माणूस या मंडळींना आधी सामानाची जागा म्हणून दिसतं आणि मग पाहुणा म्हणून.

मूळ गाडीत काही कमी नव्हतं. साधी ब्रशची मोटर, भरपूर जोर. शिवाय नवशिक्यांसाठी ट्रेनिंग मोड. तो लावला की बोट कितीही दाबा, अर्धाच थ्रॉटल मिळतो. पार्किंगमधल्या दोन स्कूटरींमधून गाडी न धडकता काढता आली की साहेब कठड्यावर टेकून चहा मागवत. माझ्या मते या छंदातला हा सर्वात सुखाचा काळ. तो संपवला बी-विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने, तीन शब्दांत: "काका, लायपो टाका."

एका साधूची गोष्ट आपल्याकडे सांगतात. लंगोटी उंदरांनी कुरतडली म्हणून त्याने मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय आणली, गाईला चारा हवा म्हणून शेत केलं, आणि शेताकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून लग्न केलं. अपग्रेडचं शास्त्र या गोष्टीच्या फारसं पुढे गेलेलं नाही.

लायपो बॅटरी हलकी असते आणि एकदम मोठा करंट देते. पण ती लहरी. प्रत्येक सेल भरून 4.2 व्होल्ट, त्यावर नाही. 3 च्या खाली गेली तर बहुधा गेलीच. आणि चार दिवस वापरायची नसेल तर 3.8 वर आणून ठेवायची. म्हणून बॅलन्स चार्जर आला. फुगली तर पेट घेऊ शकते, म्हणून आग सोसणारी पिशवी आली. ती पिशवी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवण्यावरून जे झालं ते सोसायटीने ऐकलं, मी लिहीत नाही.

आता गाडी पळू लागली. पळू लागल्यावर वळताना कठड्याला लागली आणि पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होचे प्लास्टिकचे दाते झिजले. धातूच्या दात्यांचा सर्व्हो आला. आता दाते टिकले, पण पुढच्या धडकेत चाकाचा आर्म तुटला. मग निळा, चकचकीत ॲल्युमिनियमचा आर्म आला. तो तुटला नाही. त्याने धक्का सरळ आत पोचवला आणि तो ज्या भागाला धरून बसतो तो बल्कहेडच फुटला.

इथे मला जरा थांबायचंय, कारण या छंदातली खरी गंमत इथेच आहे आणि ती कॅटलॉगमध्ये कुणी छापत नाही. गाडी करणाऱ्याने काही भाग मुद्दाम कमजोर ठेवलेले असतात. सर्व्होच्या पुढे सर्व्हो-सेव्हर असतो, धक्का बसला की आधी तो देतो. मोटरच्या पुढे स्लिपर क्लच असतो, चाक अडकलं की तो घसरतो. मोटरवरचं पिनियन धातूचं, पण ते ज्या स्पर गिअरला फिरवतं तो प्लास्टिकचा, कारण दोघांपैकी कुणी मरायचंच तर स्वस्त असेल त्याने मरावं. नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत सरळ होतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलाच. जो भाग तुम्ही बळकट करता तो मोडायचं सोडतो, पण मोडणं संपत नाही. ते शेजारच्या, बहुधा जास्त महागाच्या, भागाकडे राहायला जातं.

मला कुणी विचारलंच तर मी सांगतो, पहिली अपग्रेड गाडीची करू नका, हत्यारांची करा. चांगल्या पोलादाच्या ॲलन की घ्या. तामियाची गाडी असेल तर तिला जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. आपला नेहमीचा स्टार तिच्या स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. ही शिझुओकाची कंपनी 1976 पासून रिमोटच्या गाड्या करते, सुरुवात पोर्शे 934 ने झाली. तिचे काही जुने किट आजही बेअरिंगऐवजी साध्या बुशिंगवर येतात. तिथे बॉल बेअरिंग घालणं हा मात्र निव्वळ शहाणपणा. मग टायर, जमीन बघून. बाकी सगळं मोडेल तेव्हा.

हे सगळं साहेबांनी ऐकून घेतलं आणि ब्रशलेस मोटर मागवली.

ती मोटर आणि तीन सेलची लायपो या जोडीवर स्लॅशच्या वरच्या आवृत्त्या ताशी 60 मैलांपुढे जातात, असं कंपनीच सांगते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 27 मीटर. आमचं पार्किंग तेवढं लांब नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे बी-विंगच्या मुलाला सूत्रासकट पाठ होतं. पण ते त्याने मोटर बसवून झाल्यावर सांगितलं. बसवताना साहेबांनी पिनियन आणि स्पर यांच्यात कागदाची पट्टी घालून दोघांतलं अंतर नेमकं जुळवलं. रीतच ती आहे. कागद जुन्या पासबुकाचा होता. पुढे वेगासाठी पिनियनचा एक दात वाढवला, मोटर तापू लागली, पंखा आला. वजन कमी व्हावं म्हणून स्टीलचे स्क्रू काढून टायटॅनियमचे घातले. एकेका स्क्रूचे वाचलेले ग्रॅम त्यांनी वहीत लिहून ठेवले, डावीकडे खर्च, उजवीकडे वजन, खाली दोन रेघा मारून बेरीज.

गेल्या दिवाळीत मुलगा पुन्हा आला, या वेळी क्रॉलर घेऊन. हा ट्रक माणसाच्या चालीने चालतो आणि खडक चढतो, बस. वेताळ टेकडीवरच्या काळ्या दगडांवर तो एकेक चाक टाकत वर जाताना बघायला सकाळी फिरणारे लोक थांबतात आणि कुणीच "किती स्पीड?" असं विचारत नाही. मला वाटलं, चला, सुटले.

चढावर गाडी मागे उलटायला लागली, की वजन खाली आणि पुढे हवं, हे त्यांना पहिल्याच रविवारी उमगलं. क्रॉलरवाले त्यासाठी ॲक्सलवर आणि चाकांत पितळेची वजनं घालतात.

"अहो, पुढे किती ग्रॅम घालावं?" त्यांनी मला विचारलं.

"काका, आधी टायर," बी-विंग म्हणाली.

वहीत आता उजवीकडे दोन रकाने आहेत: 'कमी केलं' आणि 'वाढवलं'. खर्चाचा रकाना अजून एकच आहे.