प्लायवुडची चतुर्थी

हजार पौर्णिमा पदरात पडायला माणसाला 80 वर्षं आणि वर साधारण 10 महिने लागतात. अप्पांनी हा हिशेब लोणावळ्याच्या वलवणात राहून पुरा केला, याचं मला जास्त कौतुक. कारण जून ते सप्टेंबर आमच्याकडे चंद्र राहू दे, समोरच्या घरातला दिवा दिसत नाही. पावसाळ्यातल्या पौर्णिमा वजा केल्या तर अप्पांच्या खात्यावर साडेसहाशेच्या आसपास चंद्र उरतात. पण शास्त्र हजेरीपट तपासत नाही. सहस्रचंद्रदर्शनाचा मुहूर्त निघाला, तोही ऐन आषाढात, आणि पुण्याहून पुतणीचा फोन आला, "काका, फोटो बूथ करायचाच. घरच्या घरी!"

फोटो बूथ ही मुळात एकांताची सोय. अनातोल जोसेफो या सायबेरियात जन्मलेल्या गृहस्थाने 1925 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपलं यंत्र मांडलं. 25 सेंट टाका, पडद्याआड बसा, 8 मिनिटांत 8 फोटो हातात. यात खरी करामत अशी की "हनुवटी खाली, जरा हसा" म्हणणारा माणूसच त्याने काढून टाकला. आमच्या घराण्यात तो माणूस निघणं अशक्य. फोटो एकाचा असला तरी सूचना देणारे सात असतात, आणि आठवा "थांबा, आत्या राहिली" म्हणत आत पळतो.

पहिला वाद मागच्या पडद्यावरून. पुतणीला पांढरा पडदा हवा होता. दादा म्हणाला, मग अंगणात उभे राहा, धुकं आहेच, मुंबईचे लोक त्यासाठी पेट्रोल जाळून इथवर येतात. वहिनीने रविवर्म्याच्या लक्ष्मीसारखं कमळांचं तळं सुचवलं. तिचा त्यावर हक्कही आहे, कारण रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून हलला तो मळवलीला, म्हणजे तिच्या माहेरी. अख्ख्या देशाच्या भिंतींवरची लक्ष्मी-सरस्वती आपल्या गावात छापली जायची, हे ती जिलबी तळतानासुद्धा सांगू शकते. त्यावर दादा ताबडतोब दादासाहेब फाळक्यांना पुढे करतो. सिनेमा काढण्याआधी फाळक्यांनी लोणावळ्यात छापखाना घातला होता. त्यामुळे चहा होईपर्यंत मळवली विरुद्ध लोणावळा असा सामना रंगला आणि पडदा राहून गेला.

तोडगा अप्पांनीच काढला. जत्रेतल्या स्टुडिओत पूर्वी लाकडी चंद्रकोर असायची, तिच्यावर बसून माणसं फोटो काढून घ्यायची. "मला तसला चंद्र करा," अप्पा म्हणाले. "इतके बघितले, एकावर बसू दे."

पुठ्ठ्याचा विचारही केला नाही. आषाढात वलवणात पुठ्ठ्याची आणि पापडाची गत एकच. जुन्या दिवाणाच्या प्लायवुडमधून दादाने कोर कापली, टोकं वर, होडीसारखी. मागे आडवा बाक ठोकला, म्हणजे वजन बाकावर आणि रुबाब चंद्रावर. सोनेरी रंग वाळेना, म्हणून वहिनीने त्यावर रात्रभर टेबलफॅन लावून ठेवला. आकाश म्हणून निळी ताडपत्री टांगली. ती पावसाळ्यात इथे घरोघरी असते, आमची तर पडवीवरच होती. चमकीच्या कागदाच्या चांदण्या चिकटवल्या. पण पुतणीचा रिंग लाइट समोर धरताच ताडपत्रीवर एक दुसराच चंद्र उगवला, आणि अप्पांच्या चष्म्यात आणखी दोन. दिवा बाजूला सरकवून, उंच करून खाली झुकवला तेव्हा ते तिन्ही मावळले. मोबाईल आईच्या शिवणयंत्रावर, फोटोचं रिमोट बटण बसणाऱ्याच्या हातात, आणि समोर जुन्या साडीचा पडदा. काठ्यांवर चिकटवलेल्या मिशा, फेटे, चष्मे सुपात मांडले.

सकाळी होम आटोपून गुरुजी हात पुसत आले आणि कोरीकडे बघून जागीच थबकले.

"ही तर शुद्ध चतुर्थी आहे!"

"म्हणजे?"

"पौर्णिमेचा पूर्ण हवा. चतुर्थीचा चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो. प्रत्यक्ष श्रीकृष्णाला चुकला नाही."

"गुरुजी, ते भाद्रपदात," अप्पा म्हणाले.

"प्लायवुडला महिना कसा कळणार?"

पंगत बसता बसता वीज गेली. कुठेतरी ओली फांदी तारेवर पडली असणार. आमच्या धरणाचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं, तिथे 1915 पासून वीज होते, आणि ती मुंबईला जाते. त्या मुंबईहून आलेला आत्याचा जावई मेणबत्तीच्या उजेडात मठ्ठा शोधत होता. मग तो उठून चिक्की आणायला बाजारात गेला. वीज आली, बूथ पुन्हा भरला, आणि निघायच्या वेळी गुरुजींची छत्री सापडेना. काळी, लाकडी मुठीची, त्यांच्या वडिलांच्या वेळची.

कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी एकदम जावयाच्या ओल्या छत्रीकडे पाहिलं. तीही काळी. चंद्रावर सकाळी पहिला फोटो त्यानेच काढला होता.

"मूठ वेगळी आहे हो," आत्या म्हणाली. तिने असं म्हणायला नको होतं. जावयाने जिलबीचं ताट बाजूला सारलं. "स्यमंतकाची कथा ऐकली की आळ जातो," असं म्हणत गुरुजींनी पाटावर बसकण मारली आणि थेट सत्राजितापासून सुरुवात केली. श्रोते पलंगाखाली, जात्यामागे, चपलांच्या ढिगात छत्री शोधत कथा ऐकत होते.

पुतणी मात्र मोबाईल घेऊन फोटो मागे मागे सरकवत होती. एका फोटोत छत्री पोरांकडे होती, तिची बंदूक झाली होती. त्याआधी दादाकडे, तलवार. त्याच्याही आधी वहिनीने ती उघडून डोक्यावर धरली होती, चांदण्या गळत असल्यासारखी. आणि छत्रीच्या सगळ्यांत पहिल्या, सकाळच्या फोटोत, पडद्याआड एकटे गुरुजी. कोरीवर मांडी ठोकून, छत्री गुडघ्यांत उभी, दोन्ही हात मुठीवर, सुपातला फेटा कपाळावर, आणि चेहऱ्यावर असं हसू, की गावातल्या कुठल्याच लग्नाच्या अल्बममध्ये ते सापडायचं नाही.

पोरांनी बंदूक ताडपत्रीमागे लपवली होती. छत्री निघाली. जांबवंताची गुहा तशीच अर्धवट सोडून गुरुजी उठले, चष्मा कपाळावर चढवून मोबाईलवरचा फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला, आणि पुतणीला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "हा मला पाठव. ग्रुपवर टाकू नकोस, माझ्या नंबरावर."