उंबरातली केंबरं

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता ८ ओळींची. तिच्यावरची माझी टिपणं १७४ पानांची. एम.ए.ला असताना या हिशेबाचा मला भारी अभिमान होता. जिच्यातून जास्त अर्थ निघतात ती कविता मोठी आणि जो ते काढतो तो तिच्याहून मोठा, असं माझं साधं गणित. कवितेतलं, डोहाच्या पाण्यात पाय सोडून बसलेलं ते उंबराचं झाड म्हणजे विरक्त योगी, असं एक जण म्हणे. दुसरा म्हणे, त्यात मृत्यूची सावली आहे. तिसरा म्हणे, झाड म्हणजे झाड. या तिसऱ्याला मी कधी मोजलंच नाही. त्याच्या मतावर वही भरत नव्हती.

ही खोड वर्गात राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. मेसच्या आमटीत दोन दिवस डाळ दिसेना, तेव्हा बाकीची पोरं मॅनेजरशी भांडायला गेली. मी ‘अभावाची प्रतिमा’ असं वहीत टिपून खोलीतच थांबलो. वर्गातल्या एका मुलीने माझी ‘कोसला’ परत केली, तर तिच्यातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला. झालं. तीन आठवडे मी ते एकच पान वाचत होतो. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिल ओढून झाली, कुठल्याही ओळीत मी सापडेना. शेवटी धीर करून विचारलं, ‘त्या पानातून तुला काय सुचवायचं होतं?’

‘अरे, तिथे मला झोप लागली,’ ती म्हणाली.

पुढे तिने पेढा दिला. त्याचा अर्थ मात्र मला एका दमात लागला.

उंबराबद्दल जरा बोलू द्या. १७४ पानांत हे कुठेच नाही. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, पण उंबराला फुलं मुबलक येतात. ती फळाच्या आत असतात, इतकंच. खरं तर ते फळ म्हणजे तोंड मिटलेली फुलांची परडीच. तोंडाशी अगदी बारीक भोक. त्यातून चिलटाएवढी माशी आत घुसते. घुसताना तिचे पंख गळतात. आत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या अंड्यांतून निघणाऱ्या नरांना पंखच नसतात. ते अंधारात जन्मतात, माद्यांशी जुगतात, त्यांना बाहेर पडायला वाट कुरतडून देतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या त्या वाटेने उडून जातात, दुसऱ्या उंबराकडे. खोडाला लगडलेल्या त्या लाल घोसांत एवढा संसार चाललेला असतो आणि आपण त्याखालून चपलेला चिकट लागलं म्हणून कुरकुरत जातो. या किड्यांना म्हणायचं केंबरं. आणि उंबर फोडून केंबरं काढणं म्हणजे नसती उठाठेव. समीक्षेची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही ग्रंथात सापडली नाही.

अजून एकच, मग थांबतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ती अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांकडून. कीर्तिकर पेशाने लष्करातले डॉक्टर आणि वनस्पतींचे दांडगे जाणकार. औषधी वनस्पतींवरच्या एका जाडजूड ग्रंथावर त्यांचं नाव आहे. उंबर पाण्याकाठीच का, असं त्यांना विचारलं असतं, तर ‘त्याला पाणी मानवतं’ एवढं सांगून ते मोकळे झाले असते. आमच्या विद्यापीठात त्यांना २० पैकी २ मिळाले असते.

माझे अण्णा एसटीत कंडक्टर. त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो होतो. रात्री ड्यूटीवरून आले की अण्णा मागच्या पायरीवर बसत. आई घमेल्यात कोमट मिठाचं पाणी आणून ठेवी. त्यात पाय सोडून ते अर्धा तास गप्प बसून राहत. लहानपणापासून मी हे बघत होतो, पण या खेपेला मला साक्षात्कार झाला. धावत आत जाऊन वही आणली आणि उभ्या उभ्या दीड पान लिहून काढलं. मग त्यांनाही सांगून टाकलं, ‘अण्णा, तुम्ही नुसते बसलेले नाही. तुम्ही प्रतीक आहात.’

‘प्रतीक कसलं रे,’ अण्णा म्हणाले, ‘सूज आहे.’

मी वाकून बघितलं. घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि तो लवकर भरेना. भरल्या गाडीत तीस-एक वर्षं उभं राहून तिकिटं फाडलेले पाय ते. त्यांच्यावर माझं दीड पान झालं होतं आणि दुखतात का, हे विचारायचं राहिलं होतं. मला राग आला. आधी बालकवींचा, मग प्राध्यापकांचा. दोघांचाही काही गुन्हा नसल्याने तो फिरून माझ्याकडेच मुक्कामाला आला. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावंसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्या मरणाचा धागा कवितेतल्या डोहाशी जोडून मी चार पानं लिहिली होती, अक्षरही छान आलं होतं. ती त्या रात्री फाडली.

परीक्षेत प्रश्न आलाच. झाड पाण्यात पाय सोडून का बसलं आहे ते मला ठाऊक नाही, दमलं असेल, असं मी लिहिलं. २० पैकी ७ मिळाले, म्हणजे कीर्तिकरांपेक्षा ५ जास्त.

डॉक्टरांनी अण्णांना पाय उंचावर ठेवून झोपायला सांगितलंय. उशी पुरेना, म्हणून तिच्याखाली माझी टिपणांची वही घातली आहे. चार पानं कमी असली तरी उंची पुरते.