ब्रेक-ईव्हन अण्णा

“तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?” असं कुणी विचारलं की माणूस जरा गंभीर होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींचं आता तसं होत नाही. प्रश्न अण्णांचा आहे हे कळलं की लोक पटकन आकडा सांगतात आणि मोदकांच्या रांगेत पुढे सरकतात.

“आणि आई?” अण्णा मागून विचारतात.

“आहे अजून.”

“वा! मग तू सत्तरीपर्यंत थांब.”

अण्णा ज्योतिषी नाहीत, विमा एजंटही नाहीत. त्यांना सोशल सिक्युरिटी झाली आहे. म्हणजे मिळायला लागलेली नाही, नुसती झाली आहे. अमेरिकेत ही पेन्शन बासष्टाव्या वर्षी सुरू करता येते आणि सत्तरीपर्यंत लांबवताही येते. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी. तेव्हा ज्याला महिना ३,००० डॉलर मिळायचे, त्याला ६२ ला घेतले तर २,१०० मिळतात आणि ७० ला घेतले तर ३,७२०. एवढंच. दुसऱ्या कुणी बायकोला विचारून एका दुपारी निकाल लावला असता. अण्णांनी साठाव्या वाढदिवशी एक्सेल उघडलं, ते अजून मिटलेलं नाही.

अडचण एकच. या गणितात मरणाची तारीख लागते आणि ती सरकार देत नाही. ६२ ला घेणारा आणि ६७ ला घेणारा यांची बरोबरी ७८ वर्षं ८ महिन्यांना होते. त्याआधी गेलात तर घाई केलेली बरी, पुढे टिकलात तर थांबलेलं बरं. अण्णांचे वडील चौसष्टाव्या वर्षी गेले. आई मिसरी लावत लावत त्र्याण्णवपर्यंत पोचली. सरासरी साडेअठ्ठ्याहत्तर.

“दोन महिन्यांनी हुकतंय रे,” अण्णा मला म्हणाले. मग स्वतःच चमकले. “नाही, थांब. मी कागदावर १ जूनचा.”

सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या शाळेच्या मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना १ जूनलाच जन्माला घातलं होतं. अण्णांचा खरा जन्म श्रावणातला, नागपंचमीच्या पुढेमागे. म्हणजे कागदावरचे अण्णा खऱ्या अण्णांपेक्षा दोन महिन्यांनी थोरले. ते दोन महिने मिळवले आणि हिशेब बरोबर ७८ वर्षं ८ महिन्यांवर येऊन बसला. इतकी वर्षं जे उत्तर शोधत होते ते अखेर मिळालं: बासष्टला घेतलं काय, सदुसष्टला घेतलं काय, सारखंच. अण्णांचा चेहरा त्या दिवशी पाहवत नव्हता.

वहिनीसुद्धा १ जूनच्याच, वेगळ्या गावच्या, वेगळ्या मास्तरांच्या. दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर ऑफिसातल्या बाईंनी मान वर करून पाहिलं होतं म्हणे. पण अण्णांना त्या तारखेचा अभिमान आहे. अमेरिकेचा कायदा माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण झालं असं मानतो. त्यामुळे १ जूनचा माणूस ३१ मेलाच बासष्टचा होतो आणि अख्खा जून त्याच्या पदरात पडतो. १५ जूनच्या माणसाला जुलैपर्यंत थांबावं लागतं. “मास्तरांना हे कुठून माहीत असणार!” अण्णा हात जोडतात.

त्यांचं एक दुःख मात्र जुनं आहे. पूर्वी नवऱ्याला ६६ नंतर बायकोच्या नावावरचं निम्मं घेत स्वतःचा आकडा सत्तरीपर्यंत वाढू देता यायचं. २०१५ मध्ये काँग्रेसने ही वाट बुजवली. २ जानेवारी १९५४ च्या आधी जन्मलेल्यांना तेवढी सूट ठेवली. इतर लोक कोथरूडला तेव्हा न घेतलेल्या प्लॉटबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात अण्णा १९५४ बद्दल बोलतात. ट्रस्ट फंड २०३३ मध्ये आटणार, मिळतंय तोवर घेऊन टाका, असं मंडळात कुणी म्हणालं की ते फक्त हसतात. आटला तरी येणाऱ्या करातून पाऊण हिस्सा मिळत राहील, याचाही टॅब त्यांच्याकडे तयार आहे.

फ्रिजवर अण्णांनी आयडा मे फुलरचा फोटो लावलाय, गजानन महाराजांच्या मॅग्नेटखाली. व्हरमाँटच्या या बाईंना ३१ जानेवारी १९४० रोजी सोशल सिक्युरिटीचा पहिला मासिक चेक मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. मग त्या शंभर वर्षं जगल्या आणि २२ हजारांहून जास्त घेऊन गेल्या. “याला म्हणतात प्लॅनिंग,” अण्णा म्हणाले.

“तिने लग्न केलं नव्हतं,” वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “म्हणून जगली.”

अण्णांच्या एक्सेलमध्ये तीन रकाने आहेत: ‘दोघे’, ‘फक्त मी’ आणि ‘फक्त ही’. जेवताना ते मध्येच विचारतात, “मी एकाहत्तरला गेलो असं धर.” वहिनी “धरलं, आमटी वाढू का?” म्हणतात आणि वाढतात.

खरं तर सगळी मेख त्या तिसऱ्या रकान्यात आहे. दोघांतलं एक गेलं की छोटी पेन्शन बंद होते आणि मागे राहणाऱ्याला मोठी मिळते. अण्णांनी ६२ ला घेतली असती तर वहिनींना मागे जास्तीत जास्त २,४७५ मिळाले असते. ७० ला घेतली तर ३,७२०. तेव्हा अण्णांच्या आईवडिलांची सरासरी गेली चुलीत, वय पाहायचं ते वहिनींच्या माहेरचं. हे अण्णांनाही ठाऊक आहे. कराडच्या सासूबाई ८९ व्या वर्षी स्वतःची भाकरी स्वतः थापतात. अण्णा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांची शुगर, बीपी, झोप बारकाईने विचारतात. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं त्या शेजारणींना सांगतात.

वहिनी इथे आल्या तेव्हा एच-४ व्हिसावर. नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर शाळेच्या कॅफेटेरियात लागल्या आणि पेन्शनला लागणारे चाळीस क्रेडिट पुरे केले. ६७ च्या हिशेबाने त्यांचे स्वतःचे ९०० होतात. गेल्या वर्षी बासष्ट होताच त्यांनी कुणाला न विचारता ऑनलाइन अर्ज केला. जुलैच्या दुसऱ्या बुधवारी खात्यात ६३० डॉलर आले, तेव्हा अण्णांना कळलं. त्यांनी रात्रभर तपासलं. निर्णय बरोबर निघाला, त्याचंच त्यांना जास्त लागलं.

बायकोला नवऱ्याच्या पूर्ण आकड्याच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं. अण्णांचं निम्मं म्हणजे १,५००. वहिनींच्या ९०० वरचे ६०० मात्र अण्णा अर्ज करत नाहीत तोवर अडकलेले. मी परवा गेलो तेव्हा वहिनी चष्मा लावून पुस्तिका वाचत होत्या.

“अहो, घटस्फोट झाला असेल तर थांबावं लागत नाही.”

“काय?”

“लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं. ते टिकलंय. घटस्फोटाला दोन वर्षं झाली आणि नवरा बासष्टच्या पुढचा असला की बास. त्याने अर्ज केलेला नसला तरी चालतं.”

मी निघायच्या बेतात होतो. पण अण्णांनी लॅपटॉप पुढे ओढला, नवा टॅब उघडला, त्याला नाव दिलं ‘घ.’ आणि पंधरा मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

“हे बघ,” ते म्हणाले. “यंदाच्या जूनमध्ये झाला तर जून २०२८ ला तू पासष्टची. दोन वर्षं लवकर, म्हणून ६०० चे ५०० मिळतील. चोवीस महिने, बारा हजार. पुढे जन्मभर महिन्याला शंभर कमी. आणि वकील दोन लागतील, तुला एक, मला एक. परवडत नाही गं.”

“चोवीसच महिने का?”

“जून २०३० ला मी अर्ज करतोच आहे ना.”

“म्हणजे सत्तरीला घ्यायचं ठरलं तर!” वहिनींनी पुस्तिका मिटली.

“छे, छे,” अण्णा घाईघाईने म्हणाले. “ते या टॅबपुरतं धरलंय.”