आवक-जावक अप्पा

जुळे सोलापुरात सकाळी साडेपाचला गॅलरीतून कोणी ओरडलं, "भरलास का बे?", तर नव्या भाडेकरूला वाटतं नळाला पाणी आलं. चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात दुसरं काय वाटणार? तो बिचारा घागर घेऊन धावतो. आम्ही जुने लोक कूस बदलतो. अप्पा कॅलिफोर्नियातल्या मुलाशी बोलत असतात आणि भरायचा असतो तो एआर-11 फॉर्म.

अमेरिकेत परक्या माणसाने घर बदललं की दहा दिवसांत सरकारला नवा पत्ता कळवायचा. ग्रीन कार्ड असलं तरी सुटका नाही. चुकलं तर दंड, कायद्यात तर 30 दिवसांची कैदसुद्धा आहे. ही कैद अप्पांना फार आवडते. मुलाला चाळिशीतही धाक दाखवायला असं काहीतरी लागतं.

झेडपीत अप्पांनी बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. निवृत्तीनंतर टेबल गेलं, रजिस्टर राहिलं. त्यात मुलाचं प्रत्येक घर लाल शाईने चढवलेलं आहे. पहिली तीन जर्मनीतली. तिथे दोन आठवड्यांत पालिकेत नोंद करायची आणि वर घरमालकाची सही न्यायची. "याला म्हणतात कारभार!" अप्पा सांगतात. जपानातल्या भाचीच्या नावापुढे 14 दिवस, थायलंडला बदली झालेल्या जावयापुढे 90. तिथे तर घर बदललं नाही तरी दर 90 दिवसांनी "मी इथेच आहे" असं सांगावं लागतं. जावई विसरतो. अप्पा विसरत नाहीत.

अमेरिकेत 1981 पर्यंत दर जानेवारीला पत्ता कळवावा लागे. ती चाल बंद झाल्याची अप्पांना मनापासून हळहळ आहे. "जानेवारी म्हंजे गड्ड्याची यात्रा. कोण विसरलं असतं बे?"

एकदा कोटणीस स्मारकावरून जाताना ते थबकले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 साली तिथेच वारले. माणसाने हात जोडावेत अशी जागा. अप्पांनी जोडले, मग हळूच म्हणाले, "फौजेबरोबर रोज मुक्काम हलवायचा. दर खेपेला फॉर्म म्हटल्यावर ऑपरेशन कधी करणार होता हो माणूस?"

यंदा दिवाळीला नातू आला. वय दोन, जन्माने अमेरिकन, ओसीआय कार्ड अजून निघायचं, म्हणून व्हिसावर. आणि अप्पांच्या आयुष्यात सोन्याचा दिवस उगवला: परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत यजमानाने सरकारला कळवायचं असतं, ज्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. आजोबांनीच नातवाची खबर द्यायची! नातू शेंगा चटणी चाखून भोकाड पसरत होता तोवर अप्पा माझ्या दारात हजर, कॉम्प्युटर चालू करा म्हणून.

येण्याचं कारण? "आजीला बघायला," अप्पा म्हणाले. भारतात नोकरी करतो का? अप्पांनी नातवाकडे एकदा नीट पाहिलं. "अजून नाही, असं लिहा." पुढचा मुक्काम कुठे? यावर घरात तंटा झाला. सूनबाई म्हणाली सॅन होजे, आजी म्हणाली पंढरपूर.

शेवटी यजमानाचा पत्ता. "पाण्याच्या टाकीमागे, पिठाच्या गिरणीशेजारी," अप्पांनी सांगितलं. असं नको, कागदावरचा द्या, असं म्हणून मी त्यांचं आधार कार्ड मागितलं. त्यावर पत्ता होता साखर पेठेचा. रेशनकार्ड तिथलंच, मतदानही तिथेच. जुळे सोलापुरात येऊन अप्पांना एकोणीस वर्षं झाली आणि साखर पेठेतल्या त्या वाड्याच्या जागी आता तीन मजली साड्यांचं दुकान आहे.

"अप्पा," मी म्हणालो, "बदललं नाही तुम्ही?"

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"आपण काय परदेशी हाय का बे?"